सुरूखालचं अकरावं घरटं

जरा डोळे मिटा पाहू. आपण एका समुद्रकिनाऱ्यावर अनवाणी उभे आहोत असं समजा. सकाळचे साडेसहा वाजलेत. समोर राखाडी पाणी, मागे सुरूची झाडं आणि पायांखाली गार, ओलसर वाळू. आता खाली बसा आणि त्या वाळूत हात खुपसा. अगदी कोपरापर्यंत. काय लागतं बोटांना? वरची वाळू गार, पण आतली कोमट. कालचं ऊन तिने पोटात साठवून ठेवलंय.

आता आणखी एक गोष्ट समजा. हा किनारा आजचा नाही, वीसेक वर्षांनंतरचा आहे. माड तेच, लाटा त्याच. फक्त ती आतली वाळू आजच्यापेक्षा दोन अंशांनी जास्त गरम आहे. दोन अंश म्हणजे काय मोठं? आंघोळीच्या बादलीत कळणारसुद्धा नाहीत. पण त्या वाळूत झोपलेल्या एका जिवाला ते कळतात, आणि त्याचं सगळं आयुष्य त्यांवर ठरतं.

उघडा डोळे. त्या जिवाची आणि नक्षूची गोष्ट सांगतो.

नक्षूचं पूर्ण नाव नक्षत्रा डोर्लेकर. वय बारा, इयत्ता सातवी, गाव आसोळे. आसोळे नकाशात शोधू नका, ते मी गोष्टीसाठी वसवलंय. रत्नागिरी जिल्ह्यातलं एक खारव्यांचं, म्हणजे मच्छीमारांचं गाव, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे. बाबा बोटीवर, आई मासळी घेऊन बाजाराला, त्यामुळे नक्षूची सकाळ जायची ती सुगंधाआत्यासोबत.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. गेली बावीस वर्षं ती आसोळ्याचं कासवघर सांभाळत होती. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रोज उजाडता उजाडता ती हातात काठी घेऊन किनारा तुडवायची. रात्री अंडी घालून गेलेल्या कासवाचा माग ट्रॅक्टरच्या चाकासारखा उमटलेला असतो. तो दिसला की आत्या काठीने वाळू चाचपायची. जिथे काठी भसकन आत गेली, तिथे घरटं. मग ती एकेक अंडं, धक्का न लावता, न उलटवता, टोपलीत घ्यायची आणि जाळीचं कुंपण घातलेल्या कासवघरात तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. कुत्रे आणि कोल्हे यांच्यापासून ती अंडी वाचवायची म्हणून एवढा खटाटोप.

आसोळ्याची एक रीत होती. हंगामातलं पहिलं घरटं सापडलं की गावातल्या बायका तिथे हळदकुंकू वाहायच्या. "माहेरवाशीण आली गो!" अशी हाक वाडीतून फिरायची. कासवाची मादी जिथे जन्मते त्याच किनाऱ्यावर बारा-पंधरा वर्षांनी अंडी घालायला परत येते, हे खारव्यांना पुस्तकं छापण्याआधीपासून माहीत होतं. लेक माहेरी बाळंतपणाला येते, तसं ते.

आणि आसोळ्याचा एक अभिमान होता. कासवघराच्या दाराशी आत्याने एक पाटी टांगली होती. तिच्यावर खडूने लिहिलं होतं: 'आसोळे – ४६ दिवस'. इतर गावांत अंड्यांतून पिल्लं निघायला पंचावन्न, साठ दिवस लागायचे. आत्याची पिल्लं सेहेचाळिसाव्या दिवशी बाहेर! बघायला आलेल्या पाहुण्यांना ती ही पाटी आधी दाखवायची.

"हाताला गुण लागतो," ती म्हणायची.

त्या वर्षी सरकारने किनाऱ्यांसाठी एक नवं धोरण आणलं. तापमानवाढीला तोंड देणं आणि दुर्मीळ प्राणी वाचवणं ही दोन कामं तोवर दोन वेगळ्या खात्यांच्या दोन वेगळ्या कपाटांत असायची. नव्या धोरणाने ती एका टेबलावर मांडली. आणि त्या टेबलावरून एक डबा आसोळ्याच्या शाळेत आला.

डबा खरोखरच जेवणाच्या डब्याएवढा होता. त्याचं सरकारी नाव होतं लिंगमापक. मुलांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं: पोरगा-पोरगी डबा.

तो घेऊन आले होते वनखात्याचे इरफान मुकादम. पलीकडच्या खाडीकाठचेच होते ते. त्यांनी खिशातून कासवाच्या अंड्याचं फुटकं कवच काढलं, पिंगपाँगच्या चेंडूसारखं पांढरं आणि जरा मऊ. त्याच्या आत लागलेला ओलावा कापसाच्या काडीवर घेतला, काडी डब्यात सरकवली आणि म्हणाले, "वीस मिनिटं. तोवर प्रश्न विचारा."

आपणही त्या वीस मिनिटांत विज्ञान समजून घेऊ.

माणसाचं बाळ मुलगा होणार की मुलगी, हे अगदी सुरुवातीलाच ठरून जातं. कासवाचं तसं नाही. अंडं घातलं तेव्हा आतला जीव दोन्हीपैकी काहीच नसतो. तो काय होणार हे वाळूची ऊब ठरवते. वाळू साधारण साडेएकोणतीस-तीस अंशांवर असली तर अर्धे नर, अर्ध्या माद्या. त्याहून थंड असली तर नर वाढतात. बत्तीसच्या वर गेली की सगळ्या माद्या. त्यातही साठ दिवसांतले मधले वीस दिवस महत्त्वाचे. तेवढ्या दिवसांत वाळू किती तापली, यावर सगळं ठरतं. आणि पस्तिसाच्या पुढे? तिथे अंड्यातला जीव तगतच नाही.

आता अडचण पाहा. नुकतं निघालेलं पिल्लू हातात घेतलं तरी ते नर की मादी हे कोणालाच ओळखता येत नाही. पूर्वी ते कळायला पिल्लाचा जीव घ्यावा लागायचा. आणि मोठं झाल्यावर? मोठी मादी तरी अंडी घालायला किनाऱ्यावर येते. नर एकदा समुद्रात गेला की पुन्हा कधीच जमिनीवर येत नाही. म्हणजे बावीस वर्षं रोज किनारा तुडवणाऱ्या सुगंधाआत्यानेही नर कासव डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. जो कधी दिसलाच नाही, तो आहे की नाही याची काळजी कोण करणार?

डबा ती काळजी करायचा. अंड्याच्या कवचाला आतून जो ओलावा चिकटलेला असतो, त्यात पिल्लाच्या शरीरातल्या रसायनांची खूण राहते. डबा ती वाचायचा. त्यातून बाहेर येणारी कागदी पट्टी नारिंगी झाली तर मादी, निळी झाली तर नर.

मुकादमांची पट्टी नारिंगी झाली.

"आता हे काम तुमचं," ते म्हणाले. "ज्याने अंडी सांभाळली त्यानेच तपासायचं, असं नको, म्हणून धोरणात हे शाळेकडे दिलंय. कासवघरातली दहा घरटी, प्रत्येकातली दहा कवचं. शंभरात निदान दहा नर हवेत."

"आणि नसले तर?" नक्षूने विचारलं.

मुकादमांनी डबा बंद केला. "तर त्या गावचं कासवघर बंद. पुढच्या वर्षीपासून अंडी जिल्ह्याच्या शीतघरात. तिथे यंत्राने बरोबर तापमान ठेवतात."

वर्गाने एकमताने नोंदणीदार निवडली ती नक्षू. कारण कवचं गोळा करायला कासवघराच्या आत जाण्याची परवानगी आत्या आणखी कोणाला देणार?

पहिल्या घरट्यातल्या दहाही पट्ट्या नारिंगी झाल्या. दुसऱ्यातल्या दहाही. चौथं घरटं झाल्यावर नक्षूला वाटलं, डबा बिघडलाय. तिने बॅटरी काढून पुन्हा घातली. नारिंगी. आठ दिवसांत दहा घरटी झाली. शंभर पट्ट्या तिने शाळेच्या टेबलावर ओळीने मांडल्या, तेव्हा ते झेंडूच्या फुलांचं तोरण दिसत होतं.

तिने आत्याला सांगितलं तेव्हा आत्या खाटेवर बसून जाळं सांधत होती.

"सगळ्या पोरीच?" आत्या खूष झाली. "मग चांगलंच की गो! पोरीच तर माहेरी येतात. सगळ्या इथेच येऊन अंडी घालतील, जागा पुरायची नाय."

"आत्या, पण अंडी फळायला नर नको का?"

आत्याची सुई थांबली.

"नुसती अंडी घालून काय होणार?" नक्षू हळूच म्हणाली. "नर नसेल तर त्यांतून काहीच निघायचं नाही. वाळू फार तापते आपल्याकडे. म्हणून तर पिल्लं लवकर निघतात. जास्त ऊब, कमी दिवस."

आत्याने दाराबाहेर पाहिलं. तिथून कासवघराची पाटी दिसत होती.

"म्हणजे ते सेहेचाळीस दिवस..."

"हो."

"मीच हलवलं गो कासवघर," आत्या म्हणाली. "आधी सुरूच्या कडेला होतं. मुंग्या लागायच्या, मुळं शिरायची अंड्यांत. चौदा वर्षांमागे मीच म्हटलं, उघड्यावर घेऊया, ऊन लागूदे चांगलं. आणि दिवस कमी झाले तेव्हा गावभर पेढे वाटले."

तिने जाळं बाजूला ठेवलं आणि चुलीपाशी गेली. त्या दिवशी कालवणात मीठ नव्हतं.

दोन दिवसांनी, आत्या कासवघरात असताना, नक्षू एकटीच किनाऱ्यावर गेली. सुरूच्या झाडांपाशी तिला वाळूवर बारीक रेघा दिसल्या. लहान मुलाने दोन्ही हातांची बोटं ओढत न्यावीत तशा, पाण्याकडे गेलेल्या. पिल्लांच्या पावलांचे माग! पण हे तर कासवघरापासून दोनशे पावलांवर होतं. तिने माग उलटा धरला. तो सुरूच्या सावलीत, सुक्या काड्यांच्या गादीखाली एका खळग्यात संपला. आत कवचंच कवचं. आत्याच्या काठीतून सुटलेलं घरटं होतं ते. आणि कोल्ह्यालाही कसं कोण जाणे, ते सापडलं नव्हतं.

नक्षूने दहा कवचं उचलली आणि धावत शाळा गाठली.

सहा पट्ट्या निळ्या झाल्या.

ती परत धावली, या वेळी शाळेचे दोन तापमापक घेऊन. कासवघराच्या वाळूत, दीड हात खोल: साडेतेहेतीस. सुरूखाली, तेवढंच खोल: एकोणतीस आणि थोडं वर. दोनशे पावलांवर चार अंशांचा फरक. फुकटचा. तिथे ना यंत्र होतं ना वीज.

तिने आत्याला तिथे ओढत नेलं. आत्या खळग्याशी उकिडवी बसली, कवचं हातात घेऊन पाहिली. मग इकडेतिकडे बघत म्हणाली, "नक्षू, उद्या आकडे पाठवायचे ना?"

"हो."

"ही पण आसोळ्याचीच अंडी ना? आपल्याच किनाऱ्यावरची?"

"आहेत."

"मग ह्यातली कवचं त्या दहा घरट्यांत थोडी थोडी मिसळ की. दहा निळे पाहिजेत ना? सहा हायत, अजून थोडी तपासली की चार मिळतील. कोणाचं काय जातंय?"

नक्षूने आत्याकडे पाहिलं. तिने तिला वादळात बोटीची वाट पाहताना पाहिलं होतं, बाबांना फटकारताना पाहिलं होतं. पण आत्याला कोणाकडे काही मागताना तिने कधीच पाहिलं नव्हतं.

"अकरावं घरटं म्हणून वेगळं लिहीन," ती म्हणाली. "मिसळणार नाही."

"अगो, कासवघर जाईल माझं!"

"आत्या, मिसळलं तर ते राहील. पण वाळू तेवढीच तापलेली राहील. पुढच्या वर्षी पुन्हा सगळ्या पोरीच. मग पुन्हा मिसळायचं?"

"शाळा शिकून शहाणी झालीस," आत्या म्हणाली. ती उठली आणि कवचं तिथेच टाकून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी नक्षूने शाळेच्या संगणकावर आकडे भरले. दहा घरटी: नर शून्य, माद्या शंभर. खाली शेऱ्याच्या चौकटीत तिने लिहिलं: 'अकरावं घरटं, सुरूच्या सावलीत, कासवघराबाहेर. दहात सहा नर. सोबत दोन्ही जागांची तापमानं.' बटण दाबताना तिचं बोट दोनदा मागे आलं. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून दाबलं.

पाच दिवस आत्या तिच्याशी बोलली नाही. सकाळी काठी घेऊन एकटीच जायची. सहाव्या दिवशी मात्र दाराशी चहाचा कप ठेवलेला नक्षूला दिसला. त्यात आलं घातलं होतं. नक्षूला आल्याशिवाय चहा जात नाही, हे आत्यालाच ठाऊक होतं.

एप्रिलअखेर शाळेच्या पडवीत जनसुनावणी झाली. धोरणात तशी तरतूद होती: कोणतंही कासवघर बंद करण्याआधी गावाचं ऐकायचं. मुकादम टेबलामागे बसले. सगळी वाडी समोर.

"आम्ही वर्षानुवर्षं वाचवली अंडी, आणि आता डबा सांगणार आम्हाला?" मागून कोणी ओरडलं.

"डबा नाही, शंभर कवचं सांगतायत," मुकादम म्हणाले. "उत्तरेकडच्या एका किनाऱ्यावर गेल्या उन्हाळ्यात वाळू छत्तिसावर गेली होती. सगळी अंडी भाजून निघाली असती. शीतघरामुळे वाचली. मी तुमचा दुश्मन नाही."

आत्या उभी राहिली.

"इरफान, तुझी आई माझ्याकडून बांगडे घ्यायची. घासाघीस करायची, पण खोटं कधी बोलली नाही. म्हणून तुला विचारते. तुझ्या त्या शीतघराच्या पेटीत जन्मलेल्या लेकीला तिचं माहेर कुठलं ते कळेल का रे?"

बायका हसल्या. मुकादम हसले नाहीत.

"खरं सांगू, सुगंधाबाय? नक्की माहीत नाही. पृथ्वी म्हणजे एक मोठा लोहचुंबक आहे, आणि प्रत्येक किनाऱ्यावर त्याची ओढ जरा वेगळी असते. पिल्लू बहुधा ती ओढ लक्षात ठेवतं आणि तिच्या आधाराने परत येतं. पण ती खूण अंड्यात असतानाच बसते, की वाळूतून पाण्याकडे जाताना, यावर अजून अभ्यास चाललाय. शीतघरातल्या पहिल्या लेकी परत यायला अजून दहा-बारा वर्षं आहेत."

"म्हणजे तुलाही नाय ठाऊक, मलाही नाय ठाऊक." आत्याने दम घेतला. तिने पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. "बरं, मला जे ठाऊक हाय ते सांगते. चूक माझी. कासवघर उन्हात मी नेलं. पाटी मी टांगली. पोरीने आकडे खरे पाठवले. मी तिला खोटे पाठवायला सांगत होते, ते पण ऐकून घ्या सगळ्यांनी."

नक्षूने मान खाली घातली. तिचे कान लाल झाले होते.

मुकादमांनी चष्मा काढला. "बाय, आधीची आठ वर्षं कासवघर सुरूखाली होतं ना?"

"होतं."

"मग त्या आठ वर्षांतले नर आज समुद्रात असतील. मोठे झालेले. एक नर अनेक माद्यांना पुरतो. तुमच्या लेकी वाया गेलेल्या नाहीत. फक्त त्यांच्यासाठी पुढचे नर आता हवेत." मग त्यांनी फाइल उघडली. "आणि धोरणात कलम आहे. ज्या गावाने आकडे खरे दिले आणि उपाय स्वतः सुचवला, त्याला एक हंगाम मिळतो. एकच. उपाय काय?"

सगळ्यांनी नक्षूकडे पाहिलं. नक्षूने आत्याकडे पाहिलं.

"सावली," नक्षू म्हणाली. "पण सुरूखाली नाही, तिथे मुळं आणि मुंग्या. कासवघर आहे तिथेच. वरून सावली."

"प्लास्टिकची जाळी?" मुकादमांनी विचारलं.

"ते तापतं मेलं," आत्या म्हणाली. "झाप घालू."

झाप माहीत आहे ना तुम्हाला? माडाची झावळी मधोमध चिरून तिची पाती एकमेकींत विणली की जी जाडसर चटई होते, ती. पूर्वी पावसाआधी कोकणातली घरं पडवीला असे झाप बांधायची. मग प्लास्टिकचे कागद आले आणि झाप गेले. आसोळ्यात ते विणणारी आता एकटी आत्याच उरली होती.

"वीण शिकवशील?" वाडीतल्या एका सुनेने विचारलं.

"शिकवीन. पण बोटं चिरली तर रडायचं नाय," आत्या म्हणाली.

पुढच्या हंगामात कासवघरावर बांबूच्या काठ्यांवर झापांचं छप्पर आलं. त्याखालून वारा खेळेल एवढी उंची ठेवली होती. नक्षूने प्रत्येक घरट्याशेजारी तापमापकाची नळी पुरली. आत्या पाटीवर तारीख लिहायची, नक्षू तिच्याखाली अंश. सतराव्या ते सदतिसाव्या दिवसापर्यंत, म्हणजे ते नाजूक वीस दिवस, प्रत्येक घरट्यावर झापाचा आणखी एक थर आणि संध्याकाळी वाळूच्या वरच्या थरावर गोड्या पाण्याचा शिडकावा. पण थोडाच, कारण जास्त पाण्याने अंड्यांचा श्वास कोंडतो. हे त्या दोघी चुकत चुकत शिकल्या. एका घरट्यात पाणी जास्त झालं आणि त्यातली बारा अंडी गेली. नक्षू त्या दिवशी जेवली नाही. आत्याने तिला ओरडून जेवायला लावलं.

तापमापक तीसच्या आसपास खेळत राहिला.

मग आला सेहेचाळिसावा दिवस. आत्याने पहिल्या घरट्यावर पालथी घातलेली टोपली उचलली. वाळू सपाट.

"काय गो सुगंधा," शेजारची गंगूबाय कुंपणापलीकडून म्हणाली, "अंडी उबतायत का झोपलीयत?"

"तुझ्या सुनेसारखी सावकाश उठणारी हायत," आत्या म्हणाली. पण तिचा हात टोपलीवरून निघत नव्हता.

पन्नासावा दिवस. बावन्नावा. आत्या सकाळसंध्याकाळ टोपल्या उचलून पाहायची. चौदा वर्षांत तिला एवढी वाट पाहावी लागली नव्हती. पंचावन्नाव्या दिवशी ती नक्षूला म्हणाली, "उकरून बघूया का जरासं?"

"नाही, आत्या."

"नाय म्हणजे नाय?"

"नाय म्हणजे नाय."

सत्तावन्नाव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता वाळूला मधोमध खळी पडली. आधी एक काळं नाक आलं. मग वल्ह्यासारखा एक पाय. मग सगळीच वाळू उकळल्यासारखी हलायला लागली.

आठवडाभरात दहा घरटी फुटली. मुकादम स्वतः आले होते. शाळेच्या त्याच टेबलावर नक्षूने शंभर पट्ट्या मांडल्या. तोरण या वेळी एकरंगी नव्हतं. शंभरात एकतीस निळ्या होत्या. मुकादमांनी दोनदा मोजल्या, मग फाइलवर सही केली आणि पेनाच्या टोपणाने टेबलावर ताल धरला. आत्याने एक निळी पट्टी उचलून उजेडात धरली, जन्मात पहिल्यांदा पाहावी तशी पाहिली, आणि परत जागच्या जागी ठेवली.

शेवटच्या घरट्यातली पिल्लं सोडायची वेळ झाली. सूर्य पाण्याला टेकायला आला होता. टोपलीत नव्वदएक पिल्लं एकमेकांवर चढत होती. बायका हळदकुंकवाचं ताट घेऊन आल्या होत्या, कारण आत्या म्हणाली होती की या वर्षी जातानाही ओवाळायचं.

नक्षूने टोपलीत डोकावून पाहिलं. सगळी सारखीच. यांतल्या काही मुली बारा-पंधरा वर्षांनी परत येतील. पण जे मुलगे आहेत, ते आत्ता या वाळूवरून जे काही चालतील, तेवढंच त्यांचं जमिनीवरचं चालणं. आयुष्यात एकदाच. कासवघरापासून पाण्यापर्यंत, चाळीस पावलं. आणि त्या चाळीस पावलांत सुरूची काटेरी फळं होती, फुटके शिंपले होते, माणसांच्या पावलांचे खड्डे होते.

"सोडू का गो?" आत्याने विचारलं.

"थांब जरा," नक्षू म्हणाली.

कुठला मुलगा आणि कुठली मुलगी, हे तिला माहीत नव्हतं. म्हणून तिने सगळीच वाट साफ करायला घेतली. झापांच्या उरलेल्या हिरांचा, म्हणजे पात्यांमधल्या काड्यांचा, खराटा उचलला, चप्पल काढून ठेवली, आणि लाटेकडे पाठ करून, स्वतःच्या पावलांचे ठसेही मागे राहू नयेत म्हणून एकेक पाऊल मागे सरत, ती कासवघराच्या दारापासून वाळू झाडत निघाली. पहिली लाट तिच्या टाचांना लागेपर्यंत ती थांबली नाही.